शांतवनची दाढ

सकाळी साडेदहाला, आष्टीतल्या दातांच्या दवाखान्यात नंबर जवळ आला आणि शांतवनची दाढ दुखायची थांबली. शेजारी त्याच्यामागचा नंबर असलेली मंजुषा आपला सुजलेला गाल धरून ऐकत होती.

“मार्था, घरी चल. प्रभूनं बरं केलं,” तो बायकोला म्हणाला.

“रातभर प्रार्थना केली तवा न्हाई, अन् पक्कड दिसल्यावर बरं केलं व्हय?”

“अगं, लेकरावानी इस्वास ठेवावा.”

“लेकरं बी अशीच पळत्यात.”

“रविवारी चर्चमधी साक्ष देतो. त्याच्यासाठीच माझा जन्म हाय.”

“अन् सोमवारी दुखली तर?”

“तवा शहाणपण मागू.”

“आत्ताच मागा. मिटा डोळे.”

मार्थानं आमेन म्हणून डोळे उघडले. खुर्ची रिकामी होती. चपला दाराशीच होत्या.

“शांतवन कोण?” आतून हाक आली.

“अनवाणी गेले!”

“मग पुढचं कोण?”

मंजुषाची दाढही एकाएकी दुखायची थांबली.