अंग सोडणारी मांजरी

मासळी विकून दमलेली नीराबाई रिकामी पाटी पायाशी ठेवून मांडव्याच्या जेट्टीवर बसली होती. शेजारी नागावचा बंगला राखणारं जोडपं होतं. बायकोच्या मांडीवर निळ्या डोळ्यांची, लांब केसांची मांजरी. तिला न्यायला मुंबईहून मालकीण येणार होती.

"तीन वर्षांनी आठवण झाली व्हय त्यांना?"

"मांजरी त्यांची हाय, भाविका."

"पहिल्या दिवशी उचलली, तर अंग सोडून लोंबायला लागली. मला वाटलं, गेलीच."

"रडत फोन केलास. बाई हसल्या. म्हणाल्या, रॅगडॉल म्हणजे चिंध्यांची भावली. जातच तशी."

"जात न्हाय, प्रीतम. भरवसा हाय तिचा माझ्यावर. तुझ्याकडं पडली कधी अशी?"

"मी कधी उचलली? बागेला पाणी शिंपून हातात जोर कुठं उरतो?"

"परक्या हातात ती झोपायची न्हाय बघ. रात्रभर ताठ बसेल."

"बोट दिसाय लागली. गाडीवरची तिची पिशवी आण जा."

"मावशी, जरा धरता हिला? यांना जमत न्हाय."

नीराबाईने हात लुगड्याला पुसले. मांजरीने त्या हातांचा वास घेतला आणि ओहोटीला होडीचा दोर सैल पडावा, तसं सगळं अंग तिच्या मांडीवर सोडून दिलं.

पिशवी घेऊन आलेली भाविका जागीच थबकली.

"तुमच्याकडं बी निजली?"

"निजली गो. दमली असंल."

भाविका हळूच खाली बसली. मांजरीच्या पाठीवरून तिने एकदाच हात फिरवला.

"बरं झालं, मावशी. म्हणजे तिकडं बी निजेल."