खाच कोणत्या बाजूला?

तुम्हाला आमच्या हिचा स्वभाव माहीत आहे, म्हणून सांगतो. गेल्या दुष्काळातली गोष्ट. ही जाऊन चार महिने झाले होते. चिकलठाण्याच्या आमच्या नव्या सोसायटीत टँकर आला होता आणि मी ड्रममध्ये पाईप धरून उभा होतो. तेवढ्यात हिच्या विद्यार्थिनीचा, शुभांगीचा, फोन आला.

“सर, मॅडमचा संशोधनाचा पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला!”

पेशींचे निरोप पोचवणारं एक प्रथिन उंदराच्या मेंदूत कुठं कुठं सापडतं, याचा नकाशा हिनं सहा वर्षं खपून केला होता. 

“जर्नलवाल्यांनी फक्त एक शंका काढलीय, सर. मेंदूचा पातळ काप काचेवर उलटा बसला तर डावं-उजवं कळत नाही, म्हणून मॅडम आधीच मेंदूच्या एका बाजूला बारीक खाच पाडायच्या. ती कोणत्या बाजूला? ते कळल्याशिवाय छापणार नाहीत.”

“वहीत असेल ना!”

“आहे ना. ‘खाच नेहमीप्रमाणे’ असं लिहिलंय.”

माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं हेच! किल्ली कुठंय? नेहमीच्या जागी. मीठ किती घालू? नेहमीएवढं.

“ओ सर, पाईप धरा की! लई पाणी चाललं रस्त्यावर!” टँकरवाला ओरडला.

“सर, घरी कधीतरी बोलल्या असतील,” शुभांगी म्हणाली.

रोज बोलायची. जेवताना तिची खाच, तिचे काप, तिचं प्रथिन चालायचं आणि मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता ‘हं’ म्हणायचो.

“आठवून सांगतो,” म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.