मामाची वरात

नोकऱ्या स्थानिकांनाच देण्याच्या सौदीकरणामुळे नवऱ्याच्या नोकरीची धाकधूक होतीच, पण त्या रात्री माझी झोप उडाली ती भावाच्या फोटोने. पुण्यात समलिंगींच्या प्राइड परेडमध्ये तो सप्तरंगी फेटा बांधून, हातात फलक घेऊन नाचत होता. माझ्या सईने विचारलं, "मामा कुठे चाललाय?" इथे रियाधमध्ये असं काही म्हणजे गुन्हाच, ती शाळेत काही बोलली तर, या धास्तीने मी म्हटलं, "मित्राच्या वरातीत." हुशारच ना मी!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या, रत्नागिरीच्या शबानाभाभी दारात. "काय गो, सई सांगत होती, मामाची वरात निघाली नि मला सांगितलंस पण नाय? नवरी दाखव बघू!"

मला काही सुचायच्या आत सईने फोन आणून दिला. वर्षभर शिकवूनही मराठीची एक ओळ धड न वाचणाऱ्या माझ्या लेकीने फलकावर बोट ठेवून खणखणीत वाचलं, "आम्ही लपणार नाही!"

आता इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना गेला, असंच वाटलं. भाभींनी फोटो नीट पाहिला, मग माझा चेहरा पाहिला आणि फोन पालथा ठेवला. "चष्म्याशिवाय मला काय दिसत नाय गो. पण वरात छान आहे हो."

सई म्हणाली, "पण आंटी, चष्मा तर तुम्ही लावलाय!"