पत्रिकेवरची एम.एस्सी.

माझ्या लग्नाची पत्रिका तुम्ही सगळ्यांनी पाहिलीत, पण माझी डिग्री तिच्यावर पेनाने का लिहिली होती, ते कुणीच विचारलं नाही.

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या पत्रिकेत नावापुढे ‘बी.ए.’ छापलं होतं. तेव्हा आमच्या अख्ख्या ओवे गावात ते एकटेच बी.ए. मत कुणाला द्यायचं, हे विचारायला माणसं आमच्या ओटीवर यायची, म्हणून मागोमाग पुढारीही यायचे. माझी एम.एस्सी. छापायची त्यांची हौस त्या दिवसांतली.

पनवेलचा प्रेसवाला म्हणाला, “काका, पुढाऱ्यांचीच अकरा नावं झाली. डिग्रीला जागा नाही.”

“मग एक पुढारी काढा,” अण्णा म्हणाले.

माझा इंजिनिअर भाऊ शेजारीच होता. तो हळूच म्हणाला, “अण्णा, तळोज्याची माझी नोकरी यांच्या शब्दावर हाय. डिगरीवर नाय.”

अण्णांनी अकराही नावं तशीच ठेवली. घरी येऊन मात्र त्यांनी एकेका पत्रिकेवर, माझ्या नावापुढे, वळणदार अक्षरात एम.एस्सी. लिहिलं. मी म्हटलं, “राहू द्या ना, आता घरटी एक ग्रॅज्युएट हाय.” ते म्हणाले, “असूंदे. मुलगी माझी हाय.”

हळदीला त्या अकरांतले एक नगरसेवक आले, भावासाठी शब्द टाकणारे. “अण्णा, पोरगी एम.एस्सी. का? आमच्या बॅनरचा मजकूर लिवायला पाठवा तिला.”

अण्णांनी हात जोडले. “लिवील की, सायेब. तुमच्या नावापुढं शिक्षन काय लिवायचं, तेवढं सांगून ठेवा.”

नगरसेवक मोठ्याने हसले, म्हणून भावाची नोकरी राहिली.