एकट्या माणसाची जागा

उदयसिंग: फोन आला, अन् तू उचलला?

रुपाबाई: वाजूनच राह्यला होता. तिसऱ्या खेपेले उचलला. तुमी गेले मालेगावले फोटो काढाले, अन् फोन ठेवला घरी चार्जिंगले.

उदयसिंग: नागपूरची बाई होती का? त्या व्हिएतनामच्या शाळेसाठी मास्तर निवडणारी?

रुपाबाई: तीच. हिंदीत बोलली. बोलाले लय गोड बाई. पह्यले पाणी प्या, मास्तर. केसाईचा काळा रंग कानावर उतरला तुमच्या.

उदयसिंग: उतरू दे. वयाचं काही इचारलं तिनं?

रुपाबाई: इचारलं. अठ्ठावन्नच ना, म्हणे. मी म्हटलं, कागदावर असन तेच.

उदयसिंग: असं काहून म्हटलं? आता शक येईन तिले. अकरा जागी हेच झालं, रुपा. इंग्रजी चांगलं हाये म्हणतात, मंग वय पाह्यतात अन् फोन बंद. साठपर्यंत घेणारी ही एकच शाळा हाये. बुडत्याले काडीचा आधार.

रुपाबाई: इथं कायची कमी हाये तुमाले? वावर हाये. पोरगी तिच्या घरी सुखात हाये.

उदयसिंग: सत्तावीस वर्षं आश्रमशाळेत इंग्रजी शिकवलं. रिटायर झालो, अन् दुसऱ्या दिवसापासून मी कोणीच नाई. वाशीमच्या क्लासवाल्यानं तोंडावर सांगितलं, पोरं तरुण सर मागतात. तांड्यावरचे लोक मले बँकेचा फॉर्म भराले तेवढे बोलावतात. मले आणखी दोन वर्षं फळ्यापुढं उभं राहाचं हाये. बस, दुसरं काही नाई.

रुपाबाई: अन् मी?

उदयसिंग: तुले नेता येत नाई. एका माणसाची खोली देतात ते. सांगितलं होतं ना तुले.

रुपाबाई: सांगितलं होतं. माह्या माय-बापानं जल्मभर ऊस तोडला. दिवाळी झाली का टरकात बसून जात. पण मुकादम एकट्याले नेत नसे. कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून एक. अर्धा कोयता घेऊन जाणारे तांड्यातले तुमीच पह्यले.

उदयसिंग: ते उसाचं झालं, हे शाळेचं हाये. तू मले सांग, बाई आणखी काय बोलली? नाई म्हणाली का?

रुपाबाई: नाई, असं नाई म्हणाली.

उदयसिंग: मंग?

रुपाबाई: तुमचा फॉर्म तपासून राह्यली होती. एक एक वाचे, अन् हो का म्हणून इचारे. नाव, गाव, किती वर्षं शिकवलं. मंग म्हणे, सरांच्या घरी मागं कोणी नाई ना?

उदयसिंग: रुपा.

रुपाबाई: म्हणे, बायको वारली, असं लिहिलं हाये सरांनी.

उदयसिंग: ते लिहा लागे. घरची ओढ असलेले मास्तर अर्ध्यातून पळून येतात, म्हणून त्याइले एकटाच माणूस पाह्यजे. मले वाटलं, कागदच तर हाये. इंग्रजीतलं तुले कुठं कळते.

रुपाबाई: इंग्रजीतलं नाई कळत. हिंदीतलं कळलं.

उदयसिंग: तू काय सांगितलं तिले?

रुपाबाई: कायची भीती वाटून राह्यली तुमाले? मी खरं सांगून देलं असन, याची?

उदयसिंग: सांग ना.

रुपाबाई: मी म्हटलं, हो बाई, गेली. दोन वर्षं झाले. लय हळहळली ती. कशी होती, म्हणे. मी म्हटलं, बरी होती. बोले जरा जास्त.

उदयसिंग: अन् तू कोण, हे नाई इचारलं?

रुपाबाई: इचारलं. शेजारीण म्हटलं. सरांच्या भाकरी टाकून देतो म्हटलं. मंग म्हणे, सरांना सांगा, निवड झाली. सोमवारी पासपोर्ट घेऊन नागपूरले बोलावलं.

उदयसिंग: झाली?

रुपाबाई: झाली.

उदयसिंग: नाई, हे बरोबर नाई झालं. दे फोन इकडं. सांगतो तिले, माही बायको जिती हाये म्हणून.

रुपाबाई: जागा जाईन.

उदयसिंग: जाऊ दे.

रुपाबाई: घ्या. वरचाच नंबर हाये.

(उदयसिंगानं फोन हातात घेतला. नंबर समोरच होता, पण अंगठा काही पुढं सरकेना.)

रुपाबाई: लागला का?

उदयसिंग: नाई. रेंज गेली.

रुपाबाई: मघा इथंच बसून तर बोलली मी.