सात नंबर भिंतीवर

मंग्याच्या सात नंबरचं ऐकलं का तुमी? कॉलेजनं रिटायर केला. म्हणजे सात नंबरची जर्सी आता कोणालेच भेटणार नाई, ते काचेत बसवून भिंतीवर लावली. मंग्या आमच्या बास्केटबॉल टीमचा हिरो होता, मान्य. पण त्याचे निम्मे बास्केट माह्या पासवर झाले. मी पाच नंबर. पास देणाऱ्याले कोण विचारते?

तरी कार्यक्रमाले माजरीच्या कोळसा खाणीतली ड्युटी बदलून गेलो. टाळ्या बी वाजवल्या, दोन. तेवढ्यात आमचे जुने खेळाचे सर आले अन माह्या खांद्यावर हात ठेवला. मले वाटलं, चला, आता पाच नंबरचं बी निघते.

सर म्हणाले, "तुही जर्सी अजून घरीच आहे ना? तू जमाच नाई केली."

"हो सर, जपून ठेवली. काऊन?"

"आपला सेट एकच आहे रे, पोरं तोच घालून राह्यले. मंग्याची भिंतीवर गेली तं एक कमी पडून राह्यली. सोमवारी धुऊन आणून दे."

मी म्हटलं, "सर, ते तं कधीचीच फाटली."

घरी आल्याबरोबर पेटीतून जर्सी काढली, समोरच्या खोलीत खिळा ठोकला अन टांगली. बायको म्हणे, "हे काय?"

"पाच नंबर रिटायर केला."

"कोणी?"

"मी."

तिनं खिळा हलवून पाह्यला. मजबूत वाटला, तं जर्सीवरच बजाराची थैली अडकवली.