बाहेरची मुलं

घरपट्टीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते, त्यांच्यापुढे एक रंगारी बाई.

“पट्टी भरायची आपण आणि शाळेत शिकणार बाहेरची मुलं.”

“माझा मुलगा बाहेरचाच आहे, काका. पट्टी आम्हीही भरतो, भाड्यातून.”

“तसं नाही हो. माझी नात आहे तिथे. मुलं कमी म्हणून तिचा वर्ग बंद पडत होता.”

“आमची चार बिऱ्हाडं आली, म्हणून वाचला. दोन वेण्यांची, बोबडी, ती तुमची?”

“तीच.”

“माझा बसतो तिच्याशेजारी. बडबडतात म्हणून बाई रोज दोघांनाही वर्गाबाहेर काढतात.”

“म्हणजे आमचीही बाहेरचीच की.”

“पण आता रंगकाम संपलं, काका. पुढच्या महिन्यात आम्ही चाललो.”

“आणि वर्ग?”

“मी काय सांगू?”

“आमचं घर रंगवायचंय. दुमजली आहे. सावकाश रंगवा, वार्षिक परीक्षेपर्यंत.”